धूपकाला आणि उन्हाळा

चौथीच्या वर्गाला मी 'माझा आवडता ऋतू' या विषयावर दहा ओळी लिहावयास दिल्या होत्या. आमची शाळा मराठी माध्यमाची. गाव मराठवाड्यातले, आणि वर्गात निम्मी मुले घरी दखनी बोलणारी. एका मुलीने लिहिले होते, "धूपकाल्यात आमच्या विहिरीचे पाणी खाली जाते." वह्या तपासताना शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचले. सारे हसले. खरे सांगावयाचे तर मीही हसलो, आणि लाल शाईने 'धूपकाल्यात' या शब्दावर फुली मारली.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्या मुलीचे वडील शाळेत आले. गवंडीकाम करणारे, सरळ मनाचे गृहस्थ. म्हणाले, "सर, मराठी हमारे बस की नहीं. इसकू उर्दू में डालतूँ." उर्दू शाळा तालुक्याच्या गावी, सात किलोमीटरवर. मुलगी रोज तिकडे जाणार नाही, घरीच बसेल, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. मी त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि रात्री ती वही पुन्हा उघडली. तेव्हा माझ्या ध्यानात आले की मुलीचा शब्द घरचा होता, पण त्याचे व्याकरण बिनचूक मराठी होते. 'धूपकाला' या शब्दाचे सामान्यरूप तिने 'धूपकाल्या' असे केले आणि त्याला सप्तमीचा 'त' लावला. 'उन्हाळा'चे 'उन्हाळ्यात' होते, तसेच. कोणी शिकविल्याशिवाय तिने हे केले होते. फुली मी कशावर मारली होती?

या प्रसंगापासून ऋतूंची नावे आणि शब्दांची शेवटे यांच्या इतिहासाकडे मी वळलो. त्यात जे सापडले ते पालकांना व विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून हा लेख.

आधी 'उन्हाळा' हा शब्दच पाहू. संस्कृतात 'उष्णकाल', 'हिमकाल'. प्राकृतातून येताना दोन स्वरांमधला 'क' गळून पडला आणि उन्हाळा, हिवाळा झाले. पावसाळा हा शब्दही त्याच साच्यातला. हा 'क' असा गळण्याची सवय आपल्या भाषेला जुनीच आहे. कुंभकाराचा कुंभार, लोहकाराचा लोहार आणि सुवर्णकाराचा सोनार झाला तो याच रीतीने. म्हणजे मराठी शब्दांत 'काळ' आहे, पण शेकडो वर्षांच्या वापराने तो झिजून 'आळा' एवढाच उरला आहे. दखनीत आपली अम्मी, नानी 'धूपकाला', 'ठंडकाला' म्हणतात. तिथे जोड अजून उघडा दिसतो. एका बाजूला धूप आणि दुसऱ्या बाजूला काल. घडण तीच, कारागीर शेजारचा. मुलांना मी आता प्रथम 'धूपकाला' फोडून दाखवितो आणि मग 'उन्हाळा' फोडावयास सांगतो. हिवाळ्यापर्यंत ती आपणहून पोचतात.

आता शब्दांच्या शेवटांकडे येऊ. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले आणि मोरो केशव दामले यांचे शास्त्रीय मराठी व्याकरण १९११ साली. या दीर्घ काळात आणि त्यानंतरही शाळांतून विभक्तीचे कोष्टक पाठ करून घेण्याची रीत राहिली. स, ला, ते. ने, ए, शी. ऊन, हून. चा, ची, चे. मीही ते डोलत डोलत पाठ केले आहे. या कोष्टकाचा दोष असा की त्यात प्रत्यय आहेत, पण मूल चुकते ते प्रत्ययात नव्हे. 'त' लावावयाचा हे त्याला कळते. तो लागण्यापूर्वी मूळ शब्दाचे जे रूप पालटते, तिथे ते अडखळते. वारा असतो, पण वाऱ्याने झाड पडते. वीज चमकते, पण विजेने घर जळते. ऋतूंच्या पाठात तर असे शब्द ओळीने येतात आणि त्यातले दोन सर्वांत अवघड, पाऊस आणि ऊन. 'पाऊसात' आणि 'ऊनात' असे लिहिणारी मुले केवळ आपल्या घरांतली नसतात. ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या मराठी आहे ती मुलेही हेच लिहितात.

पाऊस, देऊळ, पाऊल या शब्दांत 'ऊ' असतो. प्रत्यय येताच त्याचा 'व' होतो. पावसात, देवळात, पावलाने. तिन्ही शब्द एकत्र शिकविले की एक दुसऱ्याला सांभाळून घेतो. 'ऊन'ची गोष्ट निराळी. ऊन, मग उन्हात. हा 'ह' आला कोठून? मुलांनी मला हा प्रश्न विचारला तेव्हा मी त्यांना "असेच असते" असे उत्तर दिले होते. ते उत्तर चुकीचे होते. 'उष्ण' या शब्दातल्या 'ष'चा प्राकृतात 'ह' झाला, 'उण्ह' झाले. पुढे सुट्या शब्दाच्या शेवटचा 'ह' उच्चारात विरला आणि 'ऊन' राहिले. प्रत्यय लागला की तो दडलेला 'ह' पुन्हा बाहेर येतो. बोलताना आपण विसरलो, पण शब्दाच्या शेवटाने आठवण ठेवली.

आता पालकांनी नीट लक्ष द्यावे अशी गोष्ट सांगतो. शब्दाचे रूप पालटण्याची ही रीत उर्दूला आणि दखनीला परकी नाही. लडका, पण लडके को. महीना, पण महीने में. धूपकाला, पण धूपकाले में. आकारान्त पुल्लिंगी शब्द प्रत्ययापुढे वाकतो हा नियम आपले मूल तीन वर्षांचे असल्यापासून पाळीत असते. मराठीत तो 'ए'ऐवजी 'या'कडे वाकतो, आणि प्रत्यय सुटा न राहता शब्दाला चिकटतो, एवढाच फरक. 'महीने में' आणि 'महिन्यात' फळ्यावर शेजारी लिहा, आणि मुलाला बोट ठेवावयास सांगा. अनेकवचनाचेही तसेच. आपण 'घराँ में' म्हणतो, मराठी 'घरांत' म्हणते. दिल्ली-लखनौची उर्दू तिथे 'घरों में' म्हणेल. मग दखनी जवळची कोणाला? ठासून सांगताना आपण 'ऐसाच', 'मैंच' म्हणतो, तो 'च' तर मराठीकडूनच दखनीत आलेला आहे. 'हमारे घर में ये बोलीच नहीं' असे म्हणणारा पालक त्या वाक्यातच एक मराठी अव्यय वापरून जातो.

ही देवघेव दोन्ही दिशांनी झाली. ऋतूंच्या बाबतीत तर मराठीने अरबी-फारसीतून पुष्कळ घेतले आणि ते शेतकऱ्याच्या तोंडी रुळविले. 'मोसम' हा अरबी शब्द. त्याचे मूळ खूण करणे, डाग देणे या अर्थाच्या धातूत आहे. म्हणजे खूण करून ठरविलेली वेळ. अरब खलाशांच्या तोंडून तो पोर्तुगीजांकडे गेला, तेथून इंग्रजीत 'मान्सून' झाला आणि परत आपल्याकडे वर्तमानपत्रांतून आला. एकाच शब्दाची दोन भावंडे, मोसमी आणि मान्सून, आज एकाच पाठात भेटतात. 'हंगाम' फारसी. 'बहार' फारसी, अर्थ वसंत. संत्र्याचे बागवान 'मृग बहार' म्हणतात, तेव्हा एक पाय नक्षत्रात आणि दुसरा इराणात असतो! जिरायत, बागायत हे शब्दही त्याच वाटेने आलेले.

खरीप आणि रब्बी या दोन शब्दांवर जरा थांबले पाहिजे, कारण पाचवी-सहावीपर्यंत मुले यात घोटाळा करतात. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. पण आपली खरिपाची पेरणी पावसाळ्याच्या तोंडाशी होते आणि रब्बीची पावसाळा सरल्यावर. मग नावे उलटी कशी? याचे उत्तर शेतात नसून दफ्तरात आहे. ही नावे पेरणीवरून पडलेली नाहीत, काढणीवरून पडली आहेत. जूनमध्ये पेरलेले पीक शरदात घरी येते, आणि हिवाळी गहू-हरभरा वसंताच्या सुमारास. सरकारला सारा तेव्हाच मिळावयाचा. शेतकरी पेरणीचा दिवस मोजतो, कारकून काढणीचा.

यातूनच कालगणनेचा मोठा इतिहास निघतो. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ दिवसांचे. सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. म्हणून हिजरी महिने ऋतूंतून फिरत राहतात. रबीउल-अव्वल या नावात वसंत आहे आणि रमजान या नावात कडक उष्मा आहे, पण ते महिने आता त्या ऋतूंना बांधलेले नाहीत. रमजान २०१६ साली जूनमध्ये आला, २०२४ साली मार्चमध्ये, आणि २०३० या एकाच इसवी सनात तो दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या आरंभी आणि डिसेंबरच्या अखेरीस. इबादतीच्या दृष्टीने हे न्यायाचेच आहे, कारण जगातल्या प्रत्येक प्रदेशाला लहान दिवसांचे आणि लांब दिवसांचे रोजे दोन्ही वाट्याला येतात. पण सारा वसूल करावयाचा तर हे वर्ष चालत नाही. सुमारे ३२ सौर वर्षांत ३३ चांद्र वर्षे होतात. चांद्र वर्षाने सारा घेतला तर शेतकऱ्याने ३२ पिके काढून ३३ वेळा पैसे द्यावयाचे!

आपल्या दख्खनच्या राज्यकर्त्यांनी यावर तोड काढली. हिजरी सनाचा आकडा घ्यावयाचा आणि तेथून पुढे वर्षे मात्र सूर्याच्या मापाने मोजावयाची. शुहूर सन असा हिजरी ७४५, म्हणजे इसवी १३४४ पासून वेगळा झालेला आहे. तो काळ दिल्लीच्या महंमद तुघलकाचा. उत्तरेत फसली सन अकबराने आणला, आणि दख्खनचा फसली शहाजहानच्या काळात, हिजरी १०४६ म्हणजे इसवी १६३६ या वर्षापासून धरला जातो. विद्यार्थ्यांनी वजाबाकी करून पाहावी. १३४४ वजा ७४५, उरले ५९९. १६३६ वजा १०४६, उरले ५९०. शुहूर सनात ५९९ आणि दख्खनी फसलीत ५९० मिळविले की इसवी सन सापडतो, तो याचमुळे.

शुहूर वर्षाचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो त्या दिवशी. म्हणून मराठीत त्याला 'मृगसाल' म्हणत. हा शब्द मला फार आवडतो. मृग संस्कृत, साल फारसी, सनाचा आकडा हिजरीचा आणि दिवस पेरणीचा. बहामनी, आदिलशाही, निजामशाही या राज्यांत तो चालला; शिवाजी महाराजांच्या पत्रांवर तो आढळतो; आणि पेशव्यांच्या दफ्तरातून तो १८१८ पर्यंत लिहिला गेला. सनाचा आकडा अक्षरांनी, तोही अरबीत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा. मकतबात जाणाऱ्या आपल्या मुलांना हे आकडे ओळखीचे वाटतील. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, ते वर्ष मराठी कारकुनाने 'इहिदे सितैन मया व अलफ' असे लिहावयाचे. एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखांना ५९९ ऐवजी ६०० मिळवावे लागतात, कारण इसवी सन मध्येच बदललेला असतो. करून पाहा, १७६१ येते.

मराठवाड्यातील पालकांच्या घरी याचा एक जिवंत पुरावा असतो. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसलीत चाले. तिथे वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी बदले आणि महिन्यांची नावे आजर, दै, बहमन अशी फारसी होती. आजोबांच्या जमिनीच्या कागदावर '१३५० फसली' असे असेल तर तो कागद इसवी १९४० च्या ऑक्टोबरपासून १९४१ च्या ऑक्टोबरपर्यंतचा. असे कागद पेटीच्या तळाशी कुजू देऊ नयेत. मुलांना दाखवावेत आणि वाचता येत नसतील तर वाचणाऱ्याकडे न्यावेत. असो.

हे सगळे परक्याने वरून लादले असे कोणास वाटेल तर त्याने विजापूरचे उदाहरण पाहावे. पहिला इब्राहिम आदिलशहा १५३४ च्या सुमारास गादीवर आला. त्याने हिशेबाचे दफ्तर फारसीतून काढून स्थानिक भाषेत ठेवविले, असे फिरिश्ता लिहितो. पुढच्या काळातली कित्येक सरकारी पत्रे फारसी आणि मराठी अशी दुहेरी आहेत. त्याच काळात गोवळकोंड्याचा महंमद कुली कुतुबशहा आपल्या दखनीत वसंतावर आणि पावसाळ्यावर कविता करीत होता. दुसऱ्या बाजूने, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश झाला. त्यात दरबारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. दरबारी भाषेवर त्याचा परिणाम झालाही, पण शेतातले शब्द हलले नाहीत. खरीप खरीपच राहिला.

हा खरीप मराठीने किती आपला मानला हे पाहावयाचे असेल तर शब्दाच्या शेवटाकडे पुन्हा यावे लागते. मराठी शुद्धलेखनात असा नियम आहे की उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, अक्षर दीर्घ ई किंवा ऊ असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होते. विहीर, पण विहिरीत. मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, तत्सम शब्द यातून वगळले आहेत. शरीर, शरीरात. संगीत, संगीताला. मराठी साहित्य महामंडळाच्या, १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या नियमांतही हा भेद आहे. आता खरीप कोणत्या रांगेत बसतो? आपण 'खरिपात' लिहितो. 'गरीब'चे 'गरिबाला', 'जमीन'चे 'जमिनीत', 'तारीख'चे तर 'तारखेला'. अरबी-फारसी शब्दाला मराठीने विहिरीच्या रांगेत बसविले आणि 'शरीरा'ला मानाच्या पाहुण्यासारखे तसेच ठेवले. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही. घरच्याला वाकावे लागते.

वर्गात हे शिकविताना व्याकरणाचे नाव मी प्रथम घेत नाही. मुलांना घरी पाठवितो आणि आजी-नानीकडून ऋतूंचे, पावसाचे शब्द आणावयास सांगतो. मराठी घरांतून 'तरणा पाऊस', 'म्हातारा पाऊस' ही पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांच्या पावसांची नावे आली, हस्ताला 'हत्ती' म्हणतात हे आले. आमच्या घरांतून धूपकाला, ठंडकाला, मिरग आले. फळ्यावर तीन रांगा करतो. एकीत नुसता शब्द, दुसरीत त्याचे वाकलेले रूप, तिसरीत पूर्ण वाक्य. दखनी शब्दाचे वाक्य दखनीत आणि मराठीचे मराठीत. मधली रांग भरताना मुलेच ओरडतात, "सर, दोन्हींकडे तेच होतंय." मग त्याला सामान्यरूप म्हणतात एवढे मी सांगतो. यास वेळ लागतो, एका तासात होत नाही. पहिल्या वर्षी माझा अभ्यासक्रम मागे राहिला होता आणि त्याबद्दल मला ऐकूनही घ्यावे लागले. एक सावधगिरी मात्र शिक्षकाने बाळगावी. परीक्षेत प्रमाण मराठीच लिहावयाची आहे, 'धूपकाल्यात'ला तिथे गुण मिळणार नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. घरचा शब्द ही शिडी आहे. शिडी उत्तरपत्रिकेत चिकटवावयाची नसते.

आठ दिवसांनी ते गृहस्थ आले तेव्हा मी त्यांच्यासमोर वही उघडली. 'धूपकाल्यात' वरील फुली खोडली, बाजूला 'उन्हाळ्यात' लिहिले, आणि 'ल्यात' या शेवटाखाली रेघ मारून तेवढ्याचा एक गुण दिला. त्यांना म्हटले, "भाई, तुमच्या मुलीला इतके येते की आमच्या कित्येकांना हे दुसरीत-तिसरीत येत नाही. उरलेला शब्द मी बदलून देतो. तुम्ही फक्त तिला इथेच राहू द्या." त्यांनी ती रेघ बराच वेळ पाहिली. मुलगी शाळेत राहिली. आता ती आठवीत आहे.

वर्गाच्या भिंतीवर तो तीन रांगांचा तक्ता अजून आहे. धूपकाला-उन्हाळा, ठंडकाला-हिवाळा या चौकटी भरल्या आहेत. पावसाळ्यासमोरची चौकट मात्र दरवर्षी खडूने लिहून पुसावी लागते. कोणी 'बरसात' आणते, कोणी 'बारिश', कोणी 'पानी के दिनाँ', आणि गेल्या वर्षी एका मुलाच्या दादीने नुसतेच 'मिरग के बाद' असे सांगून पाठविले.